आधी उके व्हा: लिनक्स आणि ज्युदो शिकायला निघालेल्यांसाठी

ज्युदोच्या जोडीत थ्रो करतो, म्हणजे समोरच्याला पाडतो, तो तोरी आणि थ्रो घेतो, म्हणजे पडतो, तो उके. सांगलीत कॉलेजला असताना मी मॅटवर उतरले, तेव्हा पहिले दोन महिने सरांनी मला तोरी होऊच दिलं नाही. आधी नुसतं पडायचं. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात मॅटवर आपटायचे. डोकं मॅटला लागता कामा नये. हे अंगवळणी पडल्यावर मोठ्या मुलींसाठी उके झाले. रोज कुणीतरी कॉलर धरून मला पाडायचं. शेकडो वेळा पडल्यावर कळलं, की थ्रो पाय अडकवण्यापासून सुरू होत नाही, समोरच्याचा तोल जातो तिथून सुरू होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पडून पडून समजलं.

त्याच वर्षी, 2009 मध्ये, उबुंटूची, म्हणजे लिनक्सवरच्या एका फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची, सीडी पोस्टाने घरी आली. तेव्हा ती जगभर फुकट पाठवत. मागणी नोंदवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. एवढी मोठी प्रणाली, तिचा सगळा कोड उघडा, आणि हवी तर मोडून बघायची मुभा! त्या रात्री मी झोपले नाही.

मोडून बघायची मुभा असते, पण पडायला शिकलेलं असावं लागतं. पुढच्या वर्षी पेनड्राइव्हवर दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा संच, लिहिताना मी डिस्कवर थेट लिहिणाऱ्या डीडी कमांडला एसडीबी (पेनड्राइव्ह) ऐवजी एसडीए (कॉम्प्युटरची डिस्क) सांगितलं. डीडी ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि तिच्यावरचे ताईच्या लग्नाचे फोटोही गेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हणून लिनक्स शिकायला नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी कमांड पाठ करायला देत नाही, पडायला लावते. आहे त्या सिस्टीमवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा कॉम्प्युटर, तयार करा, त्यात डेबियन हे लिनक्स डिस्ट्रो घाला आणि स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी त्या क्षणाची प्रत, घ्या. मग मुद्दाम मोडा. एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, चुकीची ओळ लिहा, मशीन परत चालू करा, ते कुठे अडतं ते बघा आणि स्नॅपशॉटला हात न लावता दुरुस्त करायचा प्रयत्न करा. नाहीच जमलं तर स्नॅपशॉट आहेच. डीडीच्या आधी दर वेळी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून डिस्कचा आकार डोळ्यांनी वाचा. बॅकअप घेतला असेल तर त्यातली एक फाइल परत काढून उघडून बघा. परत काढून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

उके होण्याचा खरा अर्थ मात्र मला 2020 मध्ये उमगला. लॉकडाउनमध्ये आमचा ज्युदो क्लब बंद झाला. मुलं सांगली, मिरज, विटा, जत अशी विखुरलेली. मी डेबियनच्या सर्व्हरवर जित्सी मीट हे व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बसवलं आणि संध्याकाळी सहाचा सराव ठरवला. मी आणि एक मुलगी, दोघीच असताना चित्र-आवाज सगळं छान. तिसरा आला की सगळे गप्प, पडदे काळे. चार रात्री मी लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचत बसले. शेवटी मदत मागितली, तेव्हा कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी माणसाने नवं मशीन उभं करून त्यावर माझ्यासारखीच मांडणी केली आणि तोच बिघाड स्वतःकडे घडवून आणला. त्याने कारण लिहून पाठवलं. दोघं असताना जित्सी त्यांना थेट जोडतं, तिसरा आला की सगळं सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिज या भागातून जातं आणि त्यासाठी लागणारा यूडीपी 10000 हा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, माझ्या फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्याकडे, बंद होता. एक ओळ बदलली आणि अकरा मुलांचे आवाज एकदम आले. त्या माणसाने माझा बिघाड स्वतःच्या अंगावर घेतला होता. तो माझा उके झाला होता.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात, शिरायचं तर कोणती भाषा शिकू, असं नवखी मुलं विचारतात. भाषा हळूहळू येईल. आधी तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरच्या बगची, म्हणजे दोषांची, यादी उघडा, कुणाची तरी अडकलेली तक्रार घ्या आणि ती तुमच्या मशीनवर होते का ते करून बघा. होत असेल तर कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या पायऱ्यांनी, ते लिहा. होत नसेल तर तेही लिहा. कोड लिहिणाऱ्याला याची फार गरज असते, आणि हे काम करायला माणसं कमी पडतात.

मराठी माणसाला तर इथे हक्काचं काम आहे. आमच्या स्पर्धेच्या यादीत ‘कऱ्हाड’ छापताना ऱ्ह मोडायचा, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, साधा र आणि हलन्त मिळून रफार होतो. ऱ्ह मधल्या चंद्राकृती रकारासाठी नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि मग हलन्त लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे दाबून येतो. मी अक्षरं बरोबर टाइप केली होती, दोष फॉन्टमध्ये होता. काय टाइप केलं, काय दिसायला हवं, काय दिसलं, फॉन्टची आवृत्ती कोणती, एवढं लिहून चित्र जोडलं. दुरुस्ती आल्यावर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे चाळीसेक शब्द तपासून कळवले. कोडची एक ओळही लिहिली नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझे असे रिपोर्ट आधीच वाचलेले होते. पदवीबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि उरलेला पाऊण तास त्या रिपोर्टवरच बोललो. आज मी लिनक्स सर्व्हर सांभाळते.

ऑनलाइन सराव क्लब उघडल्यावरही सुरू राहिला, कारण तालुक्यांतल्या मुलांना रोज सांगलीला येणं परवडत नाही. 1929 मध्ये रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकी यांना ज्युदो शिकवायला जपानहून शांतिनिकेतनात बोलावलं होतं. शिकवणारा माणूस तेव्हा समुद्र ओलांडून यायचा. पडद्यावरून तेवढं सगळं शिकवता येतं, असं मी मानत नाही. समोरच्याचा तोल हाताला कळावा लागतो, तो व्हिडिओत कळत नाही. म्हणून आमच्याकडे पडद्यावर थ्रो नाही आणि गळा आवळण्याची तंत्रं तर अजिबात नाहीत. गादीवर उकेमी, खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून उचिकोमी, म्हणजे न पाडता थ्रोच्या सुरुवातीचा पुन्हापुन्हा सराव, आणि मागच्या लढतींवर चर्चा, एवढंच. ओसोतो-गारीसारख्या मागे पाडणाऱ्या थ्रोत नवख्याचं डोकं आपटू शकतं, तो सर समोर असतानाच. मुलांचे व्हिडिओ आमच्याच सर्व्हरवर राहतात आणि आईवडिलांनी होकार दिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

गट टिकवण्यासाठी मी एकच गोष्ट हट्टाने केली. नव्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे, प्रश्न शंभराव्यांदा आलेला असला तरी. पहिली तीन वर्षं हे बहुतेक मीच करत होते आणि थकत होते. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योच्या एइशोजी मंदिरात मूठभर शिष्यांसह कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांचं ‘जिता क्योएइ’, म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं एकत्र भलं, हे तत्त्व आमच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. मी ते रोज वाचत होते, पण दुसऱ्यांना उत्तर द्यायची संधी देत नव्हते. मग ठरवलं, उत्तर लिहिण्याआधी संध्याकाळपर्यंत थांबायचं.

गेल्या महिन्यात जतच्या एका नव्या मुलीने विचारलं, ‘मागे पडताना मान मागे जाते, काय करू?’ मी थांबले. वर्षभर एक शब्द न लिहिलेल्या विट्याच्या मुलाने दुपारी व्हिडिओ टाकला. उकिडवं बसून, अगदी सावकाश, मागे पडत होता. पट्ट्याच्या गाठीला त्याने लाल दोरा बांधला होता, नजर कुठे ठेवायची ते तिला दिसावं म्हणून.