अ‍ॅक्शन फिगर जमवायच्या कशा आणि त्यांचा रिव्ह्यू लिहायचा कसा

अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणाऱ्या कॅरेक्टरच्या छोट्या मूर्ती, जमवायला लागलेल्या नवीन माणसाला सगळे एकच सल्ला देतात, आवडेल ते घ्या. सल्ला चुकीचा नाही पण अर्धाच आहे, कारण आवडतं तर सगळंच, आणि मग शेल्फवर एक मोठा बॅटमॅन, शेजारी त्याच्या कमरेएवढा स्पायडरमॅन आणि मागे कुठेतरी निन्जा टर्टल्स अशी नुसती गर्दी होते. माझं म्हणणं असं की सुरुवातीपासून एक सवय लावून घ्या, प्रत्येक फिगर हातात आली की तिच्याबद्दल लिहायचं, कोणी वाचो न वाचो. लिहायला बसलं की कळतं आपल्याला नक्की काय आवडतंय, आणि पुढची खरेदी आपोआप शहाणपणाने होते. जमवणं आणि रिव्ह्यू करणं ही दोन वेगळी कामं नाहीतच मुळात.

सगळ्यात आधी साइझ ठरवा, म्हणजे स्केल. १९६४ ला हॅस्ब्रो कंपनीचा जी. आय. जो हा सैनिक आला तो १२ इंचाचा होता, आणि मुलग्यांसाठीच्या खेळण्याला बाहुली म्हणायचं नाही म्हणून अ‍ॅक्शन फिगर हा शब्दसुद्धा तेव्हापासूनचाच. मग केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या फिगर काढल्या त्या पावणेचार इंचाच्या, म्हणजे अंतराळयानं आणि गाड्यासुद्धा त्याच मापात बनवता आल्या आणि त्यात फिगर बसवता आल्या. पिक्चर आला १९७७ मध्ये पण त्या वर्षीच्या ख्रिसमसपर्यंत फिगर तयारच झाल्या नाहीत, तेव्हा केनरने चक्क कुपन असलेलं पाकीट विकलं आणि फिगर १९७८ मध्ये घरपोच पाठवल्या. आज सगळ्यात जास्त माल मिळतो तो ६ इंचात, म्हणजे १:१२ स्केल, सहा फुटाचा माणूस ६ इंचाचा. टॉय बिझ कंपनीने २००२ मध्ये मार्व्हल लेजंड्स ही लाइन, म्हणजे एकाच नावाखाली निघणाऱ्या फिगरची मालिका, सुरू केली आणि हा साइझ घट्ट बसला, नंतर ती लाइन हॅस्ब्रोकडे गेली. मॅकफार्लेन आणि नेका या कंपन्या ७ इंचात करतात. जपानी एस. एच. फिगुआर्ट्स, फिग्मा वगैरे साधारण १४-१५ सेंटीमीटरच्या आसपास असतात, आणि हॉट टॉइजसारखे १:६ वाले जवळजवळ फूटभर. डब्यावर लिहिलेला एखादा इंच कमी-जास्त वाटतो किरकोळ, पण ६ वाला आणि ७ वाला शेजारी शेजारी उभे केले की एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्याला लागतं आणि मग ते डोळ्याला खुपतच राहतं. एक स्केल मुख्य ठेवा, बाकीच्यातलं एखादं अगदी जीव अडकला तरच.

स्केल ठरला की धागा ठरवा. एकच कॅरेक्टर वेगवेगळ्या काळातलं, किंवा एक पूर्ण टीम, किंवा लहानपणी बघितलेलं एकच कार्टून, काहीही चालेल पण धागा पाहिजे. टीम घेणार असाल तर आधी बघून घ्या की सगळे मेंबर त्या लाइनमध्ये आलेत का किंवा येणारेत का, कारण चारातले तीन टर्टल असणं हे एकही नसण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं. बिल्ड-अ-फिगरबद्दलही आधीच विचार करा, म्हणजे एका वेव्हच्या (एकत्र बाजारात येणाऱ्या फिगरच्या गटाच्या) प्रत्येक डब्यात एका मोठ्या फिगरचा एकेक पार्ट असतो आणि सगळे घेतले की ती पूर्ण होते, मार्व्हल लेजंड्समध्ये हे २००५ ला गॅलॅक्टसपासून सुरू झालं. आयडिया भारी आहे आणि काही मोठी कॅरेक्टर्स अशीच मिळतात, पण एका पायासाठी नको असलेली फिगर घ्यायची वेळ आली तर थांबा, सुटे पार्ट नंतर विकायला येतात.

डबा उघडायचा की नाही यावर लोक तासन्तास भांडतात. मी उघडणाऱ्यातला आहे आणि जॉइंट असलेली वस्तू आयुष्यभर प्लास्टिकच्या कव्हरात बंद ठेवणं मला पटत नाही, पण जुन्या कार्डवरच्या, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून विकलेल्या, फिगरची गोष्ट वेगळी, तिथे कार्ड हीच अर्धी वस्तू असते. स्टार वॉर्सची पहिली कार्ड ओळखायची खूण म्हणजे मागे फक्त १२ फिगरचे फोटो, त्यामुळे त्यांना ट्वेल्व्ह-बॅक म्हणतात, आणि असं न उघडलेलं काही हाताला लागलं तर तसंच राहू द्या. जुनं लूज, म्हणजे पॅकिंगशिवाय सुटं, घेताना मात्र डोळे उघडे ठेवायचे. हत्यारं बऱ्याचदा नंतर कोणीतरी नवीन बनवून लावलेली असतात. १९७८ च्या स्टार वॉर्समधल्या जावा या कॅरेक्टरच्या फिगरला सुरुवातीला व्हिनाइलचा अंगरखा होता, मग लगेचच कापडी केला, त्यामुळे व्हिनाइलवाला दुर्मिळ, आणि मग ओबी-वॉन या दुसऱ्या फिगरचा व्हिनाइल अंगरखा कापून जावाला घालून विकणारे लोक आहेत. १९८२ पासूनच्या पावणेचार इंची जी. आय. जो मध्ये कमरेच्या आत एक रबराची रिंग असते जी वरचं आणि खालचं अंग ओढून धरते, ती वाळून तुटली की फिगरचे दोन तुकडे होतात आणि विकणारा ‘मोडकी’ म्हणून देऊन टाकतो. पाठीतला एक स्क्रू काढून नवीन रिंग टाकली की गडी परत उभा, त्यामुळे अशा मोडक्या फिगर बघितल्या की हात आखडता घेऊ नका.

बूटलेग, म्हणजे नकली माल, ओळखायला फार अभ्यास लागत नाही. भाव खूपच कमी असेल, विकणाऱ्याने स्वतःचा एकही फोटो न टाकता कंपनीचेच फोटो लावले असतील तर तिथूनच निघा. हातात आल्यावर चेहरा बघा, नकली मालात बुबुळं जागेवर नसतात आणि स्किन तेलकट चमकते, प्लास्टिकला उग्र वास येतो, आणि तळपायावर किंवा पाठीवर कॉपीराइटचा ठसा गायब असतो किंवा पुसट असतो. ड्रॅगन बॉलच्या फिगर घेत असाल तर डब्यावरचा तोएईचा चकचकीत लायसन्स स्टिकरही बघा.

आता रिव्ह्यू. लोक इथे सगळ्यात मोठी गडबड करतात ती म्हणजे डबा उघडल्या उघडल्या लिहायला बसतात. तेव्हा नवीन वस्तूचा आनंद बोलत असतो. फिगर काही दिवस टेबलावर राहू द्या, येता जाता हातात घ्या, पोझ बदला, आणि मग लिहा, कारण घोटा सैल आहे हे पहिल्या दिवशी नाही कळत, रात्री उभी केलेली फिगर सकाळी आडवी दिसली की कळतं.

बाहेर काढताना घाई नको. आधी सगळे जॉइंट न हलवता नुसते बघा, पेंट दोन्ही बाजूंना सांडलेला तर नाही ना. मग एकेक हळू फिरवा. कोपर किंवा गुडघा अजिबात हलत नसेल तर जोर लावू नका, बऱ्याचदा आत पेंट चिकटलेला असतो, गरम पाण्यात, उकळत्या नाही, अर्धा मिनिट बुडवा किंवा हेअर ड्रायरची हवा द्या, प्लास्टिक मऊ पडतं आणि जॉइंट कुरकुरत सुटतो. अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या पिनांची दुप्पट काळजी घ्या, त्या कडक असतात आणि न वाकता सरळ तुटतात. हाताचे पंजे बदलतानाही हेच, मनगटाची पिन बारीक असते त्यामुळे पंजा वाकडा न करता सरळ रेषेत ओढायचा, आणि नवीन पंजाचं भोक घट्ट वाटलं तर पंजा गरम करायचा, पिन नाही.

जॉइंट मोजून लिहिण्यात अर्थ नाही. तीसच्या वर जॉइंट आहेत असं डब्यावरच छापलेलं असतं, वाचणाऱ्याला ते तुमच्याकडून नको असतं. माझी कसोटी एकच आहे, ते कॅरेक्टर ज्या पोझसाठी ओळखलं जातं ती पोझ त्याला जमते का. स्पायडरमॅन पार खाली बसला पाहिजे, गुडघे छातीपर्यंत आणि दोन्ही पाय पूर्ण टेकलेले, आणि त्यासाठी मांडी वर यायला पाहिजे, पोट पुढे वाकायला पाहिजे आणि घोटा आडवाही कलायला पाहिजे, तिन्हीतलं एक कमी पडलं तर तो बसल्यासारखा न वाटता अडकल्यासारखा दिसतो. ड्रॅगन बॉलच्या गोकुचे दोन्ही तळहात कमरेच्या एका बाजूला एकत्र यायला पाहिजेत, म्हणजे खांदा छातीच्या आत वळणारा पाहिजे, त्याला बटरफ्लाय जॉइंट म्हणतात, आणि तो नसेल तर कामेहामेहा, म्हणजे त्याची ती हातातून किरण सोडायची पोझ, विसरा. ही-मॅनने तलवार डोक्यावर सरळ धरली पाहिजे. याउलट १९८२ चा मूळ ही-मॅन घ्या, गुडघा नाही, कोपर नाही, फक्त कमरेत स्प्रिंग, वळवून सोडली की ठोसा मारतो, आणि तरी ती त्या कॅरेक्टरची जबरदस्त फिगर आहे कारण तो जे करतो तेच ती करते. जास्त जॉइंट म्हणजे चांगली फिगर हे समीकरण डोक्यातून काढून टाका, छातीच्या मधोमध आडवी फट पाडून स्कल्प्टची, म्हणजे घडवलेल्या आकाराची, वाट लावलेल्या फिगर मी भरपूर बघितल्यात.

केपवाल्या कॅरेक्टरचा केप वेगळा तपासा. कडक प्लास्टिकचा जड केप असेल तर फिगर मागे कलते आणि स्टँडशिवाय उभीच राहत नाही, कापडी केपच्या कडेत वायर असेल तर हवा तसा उडवता येतो पण वायर टोकाला बाहेर येतीये का ते बघा. असल्या गोष्टी कंपनीच्या फोटोत कधीच दिसणार नाहीत, आणि तो फोटोही बऱ्याचदा हाताने रंगवलेल्या प्रोटोटाइपचा असतो, डब्यातल्या मालाचा नाही. तुमचा रिव्ह्यू वाचतात तो ह्यासाठीच.

अजून एक भेद प्रामाणिकपणे करा, डिझाइनमधली चूक वेगळी आणि तुमच्या पीसमधला डिफेक्ट वेगळा. डावा डोळा तिरका छापला गेलाय तर तो बहुतेक तुमच्याच पीसमध्ये, तसं स्पष्ट लिहा, पण कोपर नव्वद अंशांच्या पुढे वळतच नाही तर ते सगळ्यांना मिळणारे. ही दोन एकत्र कालवून फिगरला शिव्या घातल्या की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. फिगर फुकट मिळाली असेल तर तेही पहिल्याच ओळीत सांगून टाका, आणि दहापैकी आकडा द्यायचाच असेल तर दोन वाक्यांत कारणही द्या.

फोटोसाठी मोठा कॅमेरा लागत नाही. खिडकीतून येणारा मऊ उजेड, मागे एकरंगी कागद, फ्लॅश बंद, आणि मोबाइल फिगरच्या कमरेच्या उंचीला आणा, वरून काढलेल्या फोटोत कुठलाही हीरो बारकाच दिसतो. पुढून, मागून, चेहऱ्याचा जवळून, सगळ्या अ‍ॅक्सेसरीज ओळीने मांडून, आणि सगळ्यात उपयोगाचा म्हणजे त्याच स्केलच्या दुसऱ्या एखाद्या माहितीतल्या फिगरशेजारी एक. शेजारी पट्टी ठेवून उंची मोजली तर सोन्याहून पिवळं. पेंट वाईट असेल तर तोही फोटोत दाखवा, एडिट करून रंग उजळू नका.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. थेट ऊन पडणाऱ्या शेल्फवर काहीही ठेवू नका, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि लाल रंग फिका होतो. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षांनुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतं आणि फिगर चिकट होते, बंद डब्यातलीसुद्धा, तेव्हा कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण टाकून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा, कापड किंवा बॅटरी असेल तर मात्र पाण्याजवळ नेऊ नका. उष्णतेत एका पायावर तोललेली फिगर हळूहळू वाकते म्हणून अवघड पोझला स्टँड लावाच. सैल जॉइंट उघडून आत पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पॉलिशचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. १:६ वाल्यांचे नकली लेदरचे कपडे काही वर्षांत तडकतात, त्यांना वाकवलेल्या पोझमध्ये कायमचं ठेवू नका.

आणि वर्षभराने जुना रिव्ह्यू परत उघडा. घोटे अजून धरतात का, चिकटपणा आलाय का, केप सोललाय का, पांढरं पांढरं राहिलंय का, हे तारखेसकट खाली जोडा, आणि तेव्हाचं मत बदललं असेल तर जुनं न खोडता नवीन लिहा. सेकंडहँड घेणारा माणूस तेवढाच भाग शोधत असतो.