पिलोमधे मराठी तुटतंय? फॉन्ट बदलत बसायच्या आधी या चुका टाळा

पायथनच्या पिलो या चित्रं बनवायच्या लायब्ररीने सर्टिफिकेट, बॅनर बनवणारे सगळे एकच विचारतात, "मराठी तुटतंय, चांगला फॉन्ट सांगा." अरे आधी काय तुटलंय ते तरी बघा. चौकोन दिसतायत तर फॉन्टमधे देवनागरीच नाही, नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता टाका, विषय संपला. पण अक्षरं सगळी आहेत, फक्त वेलांटी भलतीकडे गेली आणि जोडाक्षरात हलन्त उघडा पडलाय, तर शेपिंग, म्हणजे अक्षरं जोडून योग्य जागी बसवणं, होत नाहीये, मग कितीही फॉन्ट बदला, तेच दिसणार.

युनिकोडमधे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, दाखवताना आधी आणावी लागते. ते काम हार्फबझ या शेपिंगच्या लायब्ररीचं, आणि पिलो तिथे रक्म नावाच्या दुसऱ्या लायब्ररीमार्फत पोचते. 8.2 आवृत्तीपासून पिपने टाकलेल्या पिलोत रक्म असतेच, पण रक्मला लागणारी फ्रायबिडी (मजकुराची दिशा ठरवणारी लायब्ररी) तुमच्या सिस्टिमवर शोधली जाते आणि नाही मिळाली की पिलो शेपिंग नसलेल्या बेसिक लेआउटवर जाते. म्हणून लॅपटॉपवर सगळं छान आणि डॉकरच्या काटछाट केलेल्या स्लिम इमेजमधे बोंब.

आणि इथे घाईवाले जो जुगाड करतात त्याची मला खरंच चीड आहे. एका स्पर्धेची प्रमाणपत्रं माझ्याकडे दुरुस्तीला आलेली, आधीच्या पोराने रिप्लेस लावून प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागे सरकवलेली आणि तेच डेटाबेसमधे सेव्ह. छापताना 'कविता' बरोबर दिसायचं, आत मात्र 'किवता'. पुढे सर्व्हर बदलला, तिथे फ्रायबिडी होती, झालं, सगळ्या कविता किवता होऊन छापल्या. उलटं रिप्लेसही चालेना कारण तोवर बरोबर टाईप केलेली नवी नावं त्यात मिसळलेली, शेवटी मूळ अर्ज काढून एकेक नाव जुळवावं लागलं. माणसाचं नाव आहे ते, दिसण्यासाठी डेटा बिघडवू नका!

मी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमधून रक्म आणि फ्रायबिडी दोन्ही चेक करतो, एक जरी फॉल्स आलं तर प्रोग्रॅम तिथेच बंद.

लूप लावून एकेक अक्षर काढू नका, शेपिंगला अख्खा शब्द लागतो.

श्रीलिपीतला जुना मजकूर तसाच पेस्ट करू नका, तो युनिकोड नाही, आधी कन्व्हर्ट करा.

टेस्टला 'नमस्कार' लिहून खूश होऊ नका, त्यात वेलांटीच नाही. 'दुसऱ्या विद्यार्थिनी' लिहा, वेलांटी, रफार, ऱ्य सगळं एकदम कळतं. आणि मजकूर काढताना लँग्वेज 'mr' (एमआर, मराठीचा कोड) द्या, फॉन्टमधे सोय असेल तर श आणि ल मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.