हलतं पोस्टर करताय? आधी काय हलवायचं नाही ते ठरवा

रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या रंगीत छायाचित्रांवरून सुचलेलं एका प्रदर्शनाचं हलतं पोस्टर मी केलं होतं. पहिल्या खेपेला सायकल पळत होती, पाऊस पडत होता, वर अक्षरंही उड्या मारत होती. गॅलरीच्या ताईंनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "छान आहे, पण प्रदर्शन कधी आहे?" तारीख होती की! बघायला कुणाला सवड मिळाली नव्हती एवढंच.

त्याआधीची चूक मात्र जास्त मुळातली. सिंग म्हणजे रंग, असं धरून आपण सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) चढवत बसतो. ते कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर काम करायचे हे खरं, पण त्यांची खरी करामत चौकट तोडण्यात आहे. खांब, दार, आरसा, गाडीची काच मध्ये येते आणि एकाच फोटोत तीन-चार वेगळे प्रसंग शेजारी नांदतात. त्यांच्या पश्चात २००२ मध्ये आलेल्या 'अ वे इंटू इंडिया' या पुस्तकात तर अँबॅसडर गाडीच चौकट झाली आहे.

हे लक्षात आल्यावर पोस्टर नव्यानं मांडलं. दादरच्या फुलबाजाराबाहेर टॅक्सीच्या मागच्या सीटवरून स्वतःच फोटो काढले. (सिंग यांचाच फोटो उचलून हलवायचा विचार असेल, तर सोडा. भारतात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो.) काचेच्या दोन बाजू आणि खिडक्यांमधला गाडीचा खांब अगदी स्थिर ठेवले. हलतं ते फक्त बाजूच्या आरशात: झेंडूची पाटी डोक्यावर घेतलेला माणूस येतो, जातो, बस्स. तारीख खांबावर, उभी.

लूप (पुन्हा पुन्हा फिरणारी क्लिप) दर फेरीला अडखळत असेल तर पहिली आणि शेवटची फ्रेम, म्हणजे क्लिपमधलं एकेक स्थिर चित्र, तपासा. दोन्ही सारख्या असल्या की तेच चित्र दोनदा दिसतं. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं ६ सेकंद म्हणजे १४४ फ्रेम. ० आणि १४४ वर एकच स्थिती ठेवा, पण रेंडर (शेवटची व्हिडिओ फाइल तयार करणं) ० ते १४३ एवढंच करा.

'प्रदर्शन'चा रफार भलतीकडे गेला किंवा वेलांटी सुटली तर आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारं टेक्स्ट इंजिन चालू आहे का ते टाइप सेटिंगमध्ये पाहा. तरीही अक्षर-अक्षर उगवणारं अ‍ॅनिमेशन जोडाक्षरांची वाट लावू शकतं. अख्खा शब्द एकदम आणा.

जिफ नको. २५६ रंगांत लाल साडीच्या छटांचे पट्टे पडतात, एमपी४ द्या.

आणि पहिली फ्रेम काळी ठेवू नका. आमचं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तेव्हा निम्म्या लोकांना एक काळा चौकोन दिसला, आणि एका काकांनी विचारलं, "कोण गेलं?"