वाटाणा लावलाय? खालची पानं उलगडून बघा

दिवाळीच्या मागेपुढे परसात वाटाणा टोकला जातो. महिनाभर वेल झकास वाढतात, पांढरी फुलं येतात, आणि ऐन दाणा भरायच्या वेळी अख्खा वाफा पीठ उधळल्यासारखा पांढरा होतो. शेंगा काळपट, दाणे बारीक. दरवर्षी हेच बघतो. ही भुरी, पानांवर वाढणारी पांढरी बुरशी. ती एका रात्रीत आलेली नसते. आठ-दहा दिवस ती खाली बसलेली असते आणि आपण वर फुलंच मोजत असतो.

भुरीची सुरुवात बहुतेक वेळा जमिनीलगतच्या जुन्या पानांवर होते. मोहरीएवढा पांढुरका ठिपका, बोटानं पुसला तर जातो, म्हणून माणूस धूळ समजून सोडून देतो. "पाऊस नाही, मग बुरशी कुठून?" असंही लोक विचारतात. या बुरशीला पानावर पाणी साचावं लागत नाही. रात्री थंडी, दुपारी कोरडं ऊन एवढं तिला पुरतं, आणि आपला डिसेंबर-जानेवारी अगदी तसाच असतो. माझा अंदाज विचाराल तर लागोपाठ दोन-तीन दिवस पहाटे धुकं पडलं की ठिपक्याची वाटही बघू नये.

फुलं दिसली की एक दिवसाआड खालची पानं हातात घेऊन बघा. ठिपका दिसला तर ती पानं खुडून वाफ्याबाहेर टाका आणि त्याच संध्याकाळी फवारा: पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम. दोन लिटरच्या हातपंपाला 5 ग्रॅम झालं. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. भर दुपारी मारू नका. निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको, पानं करपतात. तयार शेंगा आधी तोडून घ्या आणि पुढच्या तोडणीला पाकिटावर लिहिलेले दिवस पाळा.

आंबट ताक एक लिटर आणि पाणी दहा लिटर असंही काही जण मारतात. पुस्तकात त्याचा डोस नाही. अगदी पहिल्या ठिपक्यांवर मला बरा गुण दिसला. भुरी वर चढल्यावर मात्र ताक वाया.

दुकानात गेलात की गंधकाच्या स्वस्त पुडीऐवजी चकचकीत बाटली पुढे येते: फुलवाढीचं टॉनिक, अमुक अमृत, सोबत मूठभर युरियाही. दहा वेलींसाठी हा खर्च कशाला? वाटाणा आपल्या मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतो. वर युरिया दिला की पाला लुसलुशीत होतो, आत वारा खेळत नाही आणि भुरीचं फावतं.

बाकीची कामं:

- पेरणी: ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. उशीर झाला की फुलं उन्हात सापडतात.
- वाण: अर्केल लवकर येतो, पण भुरीला बळी पडतो. अर्का अजित भुरीला दाद देत नाही.
- किराणा दुकानातला सुका वाटाणा उगवतो, पण सोलून खायचा गोड दाणा त्यातून मिळत नाही.
- गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं. मुलांपासून दूर ठेवा.
- रायझोबियम (मुळांवर गाठी आणणारं जिवाणू खत): किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम, पेरणीआधी चोळून सावलीत सुकवणं.
- अंतर: दोन ओळींत 30 सेंमी, दोन रोपांत 8-10 सेंमी. खोली 3-4 सेंमी.
- पाणी: फुलं येताना आणि दाणा भरताना चुकवू नका. एरवी बेतानं, तुंबलं की मूळ कुजतं.
- आधार: तुरीच्या काट्या किंवा सुतळी.

अंतर पाळाच. दाट पेरलेल्या वाफ्यात खालचं पान दिसतच नाही, मग बघणार काय?

तोडणी सकाळी, दर तीन-चार दिवसांनी, शेंग भरलेली पण हिरवीगार असताना. साल फिकी पडली की गोडी गेलीच. शेंगा संपल्यावर वेल जमिनीलगत कापा, मुळं मातीतच राहू द्या. भुरी लागलेला पाला लगेच परसाबाहेर काढा, वाफ्यात आच्छादन म्हणून पसरू नका.