इंग्लंडमधल्या स्टॅमफर्डला राहायला येताय? आधी स्टेशन समजून घ्या

घर दाखवताना एजंट दगडी गल्ल्या दाखवेल, शाळा दाखवेल. तुम्ही आधी गाड्यांचं वेळापत्रक उघडा. इथून साधारण तासाला एक गाडी आहे: एका बाजूला पीटरबरो, केंब्रिज, स्टॅन्स्टेड विमानतळ, दुसऱ्या बाजूला लेस्टर, बर्मिंगहॅम. मुंबईकरांनो, ‘मागची पकडू’ इथे चालत नाही. धावत चढणं तर विसराच, कारण सुटायच्या वेळेआधीच दारं लागतात. डबे दोन-तीनच, त्यात विमानतळाला निघालेल्यांच्या बॅगा.

लंडनसाठी पीटरबरोला गाडी बदलायची. पीटरबरो पाव तासावर, तिथून जलद गाडी तासाभरात लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला पोचवते. नोकरी लंडनला असेल तर रात्री पीटरबरोहून परतीची शेवटची गाडी कधी आहे, ते बघितल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका.

आई-बाबा हीथ्रोला उतरणार असतील तर लंडनच्या मेट्रोची पिकॅडिली लाइन त्यांना थेट किंग्ज क्रॉसला आणते. पुढच्या प्रवासाचं स्वस्त ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट मात्र काढू नका. ते ठरलेल्या गाडीलाच चालतं. विमान रखडलं की पैसे गेले. चार पौंड जास्त जाऊ देत. आणि जमलं तर पीटरबरोपर्यंत घ्यायला जा. एवढा प्रवास करून आलेल्या माणसांना तिथे प्लॅटफॉर्म शोधत फिरायला लावू नका.

एकदा घाई नसताना आपल्या स्टेशनची इमारत निवांत बघा. १८४८ मधली आहे, म्हणजे बोरीबंदर–ठाणे गाडी धावली त्याच्याही पाच वर्षं आधीची. सँक्टन वुड या वास्तुरचनाकाराने ती एखाद्या जुन्या जमीनदाराच्या वाड्यासारखी बांधली. छोट्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आहे, त्यात ‘एस पी आर’ ही अक्षरं दिसतील: सिस्टन–पीटरबरो रेल्वे. मला इंग्लंडमधल्या कितीतरी मोठ्या स्टेशनांपेक्षा हे जास्त आवडतं.

स्टेशन वेलंड नदीच्या अलीकडे, बाजारपेठ पलीकडे. कुरणातली पायवाट जवळची आहे, पण पावसाळी दिवसांत तिथे पाणी चढतं; तेव्हा टाउन ब्रिजवरून या. आठवड्याचा बाजार शुक्रवारी. भाजी, चीज, पाव उत्तम मिळतात. गणपतीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी आणायला मात्र लेस्टरची गाडी पकडा आणि तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत जा.