लेहमध्ये काँक्रीट ओतताय? पाण्याचा पाइप आधी गुंडाळून ठेवा

आपल्याकडे साइटवर नव्याने आलेल्या पोराला मुकादम पहिली शिकवण देतो ती पाण्याची. स्लॅब भरला की दुसऱ्या दिवशी आळी बांधायची, पाणी तुंबवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळायचं आणि दहा दिवस पाइप हातातून सोडायचा नाही. हीच सवय घेऊन मी ऑक्टोबरअखेर लेहला पोचलो. उंची साडेतीन हजार मीटर. दुपारी स्वेटर काढावासा वाटेल असं ऊन आणि पहाटे बादलीत बर्फ. एका लहान टाकीच्या पायाला मी नेमाने सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. चौथ्या दिवशी वरचा थर पापुद्र्यांसारखा हातात आला.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. कोवळ्या काँक्रीटच्या छिद्रांत पाणी भरलेलं असतं आणि तो दाब सोसायची ताकद त्याच्यात आलेली नसते. ही ताकद साधारण 3.5 मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) धरतात. माल 10 अंशांच्या आसपास उबदार राहिला तर दुसऱ्या दिवसात ती येते. तोवर तो एकदाही गोठता कामा नये. त्या कोवळ्या वयात गोठला, तर पुढे कितीही जपा, निम्म्यापर्यंत ताकद कायमची जाऊ शकते. आणि मी तर रोज वरून आणखी पाणी पाजत होतो.

मग तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, करायचीच नाही? करायची, पण काँक्रीटचं स्वतःचंच पाणी आत कोंडून. लडाखची हवा कोरडी, वारा बोचरा. उघडं ठेवलं तर थंडीतही पृष्ठभाग सुकून बारीक भेगा पडतात. म्हणून आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर थर्माकोल, पेंढा किंवा जुन्या रजया, आणि सगळ्यावर ताडपत्री, दगड ठेवून दाबलेली. पेंढा ओला झाला की त्याची ऊब संपली, म्हणून ताडपत्री हवीच. कोपरे आणि कडा दोन-तीन बाजूंनी थंड होतात, तिथे पांघरूण दुप्पट. बाहेर आलेल्या सळया थंडी थेट आत नेतात, त्याही झाका. आणि हे सगळं ऊन कलायच्या आत. ‘चहा घेऊन येतो’ म्हटलं की गेलं.

माल गरम कसा करायचा, यात दुसरी मोठी चूक होते. सिमेंटची पोती शेकोटीजवळ ठेवलेली मी पाहिली आहेत. उगाच कष्ट. उष्णता साठवायची ताकद खडी-सिमेंटपेक्षा पाण्यात चार-पाच पट, म्हणून पाणीच तापवा. एक घनमीटर मालाचा हिशोब पाहा: खडी-वाळू 1850 किलो, 2 अंशांवर, सिमेंट 360 किलो आणि पाणी 170 लिटर. सिमेंट आणि पाणी दोन्ही 5 अंशांवर असतील, तर माल मिक्सरमधून जेमतेम 3 अंशांवर निघतो. तेच पाणी 60 अंशांचं घेतलं, तर 17 अंशांवर. पण वाळूच्या ढिगात गोठलेले गड्डे असतील, म्हणजे खडी-वाळूत 2 टक्के जरी बर्फ असेल, तर तो वितळवण्यातच उष्णता जाते आणि 17 चे 8-9 होतात. ढीग रात्रीच झाकून ठेवा. गरम पाणी आधी खडी-वाळूवर घाला, सिमेंट शेवटी. कढत पाणी थेट सिमेंटवर पडलं तर माल मिक्सरमध्येच घट्ट होतो. पाणी 65 अंशांच्या वर नेऊ नका. थंडीतल्या कामाची भारतीय संहिता आयएस 7861, भाग 2 (1981) साइटवर ठेवा. त्यातली ‘थंडी’ 5 अंशांपासूनच सुरू होते.

गोठलेल्या जमिनीवर ओतू नका. बर्फ वितळला की खालची माती बसते, वरचा पाया तडकतो. फरम्यातला आणि सळयांवरचा बर्फही काढा.

‘थोडं मीठ टाका साहेब, गोठत नाही’ असं सांगणारे भेटतात. मिठात क्लोराइड असतं, आणि सळई असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरला 0.6 किलोपेक्षा जास्त क्लोराइड काँक्रीटची भारतीय संहिता आयएस 456 चालवून घेत नाही, कारण सळई गंजते. कॅल्शियम क्लोराइडचंही तेच. लवकर सेट करणारं क्लोराइडमुक्त रसायन मिळतं, पण त्यानेही गोठणं थांबत नाही, पांघरूण हवंच. पुढे वर्षानुवर्षं बर्फ खाणाऱ्या कामात मात्र हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारं रसायन जरूर घाला. 20 मिमी खडीला साधारण 5 टक्के हवा.

ताडपत्रीच्या तंबूत बिनचिमणीची शेगडी हा तर दुहेरी घात. तिच्या कार्बन डायऑक्साइडने ताज्या पृष्ठभागाची भुकटी होते, आणि आत झोपलेल्या मजुराचा कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. धूर बाहेर नेणारी बुखारीच लावा.

टेके काढायची घाई. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके सात दिवसांनी काढायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. तो आकडा हवा 15 अंशांखाली न जाणाऱ्या ठिकाणचा आहे, हे कोणी वाचत नाही. उणे 10 हा शून्यबिंदू, म्हणजे त्याखाली काँक्रीट पिकतच नाही असं धरून, वरचे अंश गुणिले दिवस मोजले तर 15 अंशांचे 7 दिवस म्हणजे 175 अंश-दिवस. काँक्रीट 5 अंशांवर असेल, तर तेवढ्यासाठी जवळपास 12 दिवस लागतात. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला आणखी जास्त. लॅबमध्ये 27 अंशांच्या पाण्यात पोहणारे क्यूब (चाचणीचे ठोकळे) यातलं काहीच सांगत नाहीत. दोन-तीन क्यूब स्लॅबशेजारी त्याच पांघरुणाखाली ठेवा आणि ते फोडूनच ठरवा.

शंका आली तर? गोठलेलं काँक्रीट सेट झाल्यासारखंच टणक लागतं. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) मारला तर आकडा उलट झकास येतो आणि ठेकेदार खूश. पृष्ठभागावर नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते का पाहा. ती बर्फाच्या स्फटिकांची खूण. एका कोपऱ्यावर गरम पाणी ओता. काळपट पडून मऊ झालं, खिळ्याने सहज खरवडलं, तर ते फक्त गोठलं होतं. हॅमर पूर्ण वितळल्यावरच मारा, नाहीतर कोअर, म्हणजे आतून कापलेला नळकांडी नमुना, काढा. माझ्या त्या टाकीचा वरचा दोन इंच थर आम्ही छिन्नीने काढला, तेव्हा खालचा भाग धड निघाला.

गावाकडून दर डिसेंबरला फोन येतो: निफाडला पारा 5 अंशांवर आलाय, स्लॅब भरू का? भरा. दुपारी चांगलं ऊन असतं, माल गोठत नाही, फक्त सावकाश सेट होतो. सकाळी दहानंतर सुरू करा, रात्री ताडपत्री टाका, टेके चार दिवस जास्त ठेवा. आणि हो, तिथे पाणी मारा.