मृत्युपत्र लिहायला बसण्याआधी सातबारा काढा

आमच्या काकांनी मृत्युपत्रात एकच ओळ लिहिली होती : "विहिरीकडची बाग धाकट्याला, घराकडची थोरल्याला." बागेत विहिरी दोन. एक पडवीच्या मागे, दुसरी खाली पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेला. काका गेले, आणि विहीर म्हणजे कोणती यावर दोन्ही चुलतभाऊ अजून तारखा घेतायत. आंबे दरवर्षी कराराने तिसराच उतरवतो.

म्हणून पहिलं काम कागद गोळा करण्याचं. जमिनीचा सातबारा आणि 8अ म्हणजे खातेउतारा, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना 8 म्हणजे असेसमेंटचा उतारा. सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा त्यावरून जशाच्या तशा उतरवा. "वरचा मळा", "भाटलं" ही नावं तुम्हाला कळतात, कोर्टाला नाही.

आता त्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत ती मोजा. कोकणात एका हिस्स्याला वीस-पंचवीस नावं सहज निघतात, त्यातली निम्मी वारलेल्यांची. स्वतः कमावलेलं तुम्ही कुणालाही देऊ शकता. सामाईक जमिनीत मात्र फक्त तुमचा हिस्सा देता येतो. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 30 ने ती मुभा आहे. वाटप झालं नसेल तर "माझ्या वाट्याला येणारा अविभक्त हिस्सा" असं लिहा, आख्खी बाग लिहू नका.

बहिणींना विसरू नका. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. गणपतीला आलेली बहीण "माका काय नको" म्हणाली, तर ते हक्कसोडपत्र होत नाही. ते नोंदणीकृतच लागतं.

सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम 43 चा शेरा (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय जमीन दुसऱ्याला देता येत नाही) असेल तर थांबा आणि आधी वकिलाला दाखवा. अशा जमिनीचं मृत्युपत्र अडू शकतं.

लिहिण्याचं काम त्या मानाने सोपं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. नाव, वय, पत्ता, तारीख, आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य. मग कोणाला काय. ज्याला दिलं तो तुमच्या आधी गेला तर कोणाला, हेही लिहा. यादीतून सुटलेल्या मिळकतीसाठी "बाकी राहिलेलं सर्व अमक्याला" असं एक कलम टाका. एखाद्या मुलाला काहीच देणार नसाल तर कारण एका ओळीत सांगा. शिव्या नकोत, त्या पुढे कोर्टात मोठ्याने वाचल्या जातात. प्रत्येक पानावर सही.

साक्षीदार दोन, आणि दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नका. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा! वाद झालाच तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि आपल्याकडे हौसेने सह्या करतात ते पंचाहत्तरीचे शेजारी. सत्तरीच्या पुढे असाल तर डॉक्टरचा दाखला जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, तरी तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे करून घ्या; सही तुमची नव्हेच असं म्हणणं मग कठीण जातं. पण नोंदवलेलं म्हणजे शेवटचं असं नव्हे. नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रही, नीट सिद्ध झालं तर, आधीच्या नोंदणीकृतावर मात करतं.

मुसलमान कुटुंबात कर्ज आणि दफनखर्च वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. त्याहून जास्त, किंवा एखाद्या वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. बांद्यापलीकडे गोव्यात मिळकत असेल तर तिथला कायदा वेगळा : मुलं असताना साधारण निम्म्याच मिळकतीवर तुमची मर्जी चालते.

बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, पैसे वारसांसाठी ताब्यात घेतो. शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच म्हटलं. घटस्फोट झाला म्हणून जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. निकाल हातात आला की नवीन करा.

मूळ प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. आपल्याकडच्या पावसात लाकडी कपाटातल्या कागदाला आधी बुरशी धरते, मग वाळवी. हवं तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडेही ठेवता येते. कुठे ठेवली ते मुंबईतल्या मुलाला आणि गावातल्या एका माणसाला सांगा, कारण तुमच्यामागे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासाठी, कळवायचं असतं, आणि मुलगा बाराव्याला रजा टाकून आलेला असतो तेवढेच दिवस हातात असतात.